डोकं दुखतं, हे कारण होत नाही?

(पोस्ट मोठी आहे. घरात आठवी ते बारावीतलं मूल असेल किंवा तुम्ही शाळेत शिकवत असाल, तर मात्र शेवटपर्यंत वाचा.)

गेल्या महिन्यात ताईला भाचीच्या शाळेतून बोलावणं आलं. भाची नववीत आहे. वर्षभरात तिचे सव्वीस दिवस बुडालेत आणि हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या जवळ येऊन ठेपली आहे. ताई सोबत मेंदूविकारतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन गेली होती. तिच्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं, मायग्रेन. ऑफिसातल्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "मॅडम, डोकं दुखतं हे काही कारण होत नाही हो. तुम्ही सायनस लिहून आणा, एक्स-रे जोडा, मग चालेल."

त्या बाई दुष्ट नव्हत्या. उलट मदतच करत होत्या. कुठलं दुखणं कागदावर चालतं आणि कुठलं चालत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

ताईचा रात्री फोन आला, "काय करू गं? आणू का लिहून?" मी तिला काय सांगितलं ते शेवटी लिहिते. आधी हे सांगायला हवं, की ही गोष्ट मी तीस वर्षांपूर्वी स्वतः जगले आहे. आणि दिसणाऱ्या दुखण्यावर विश्वास ठेवायचा, न दिसणाऱ्यावर नाही, ही सवय त्याहून खूप जुनी आहे.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आठवीत होते. साल १९९४. मला दोन दुखणी होती, पण ती दोन आहेत हे कुणालाच कळलं नव्हतं, मलाही नाही. एक यायचं थंडीत. आधी पडसं, मग ताप, नाकातून पिवळा घट्ट शेंबूड, गालाचं हाड ठणकायचं, वरचे दात दुखायचे, खाली वाकून बूट घालता यायचे नाहीत. दुसऱ्याला ऋतू नव्हता. डाव्या भुवईवर कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं सुरू व्हायचं, तासाभरात अर्धं डोकं ठोके मारायला लागायचं. ट्यूबलाइट सहन व्हायची नाही, फोडणीच्या वासाने उलटी यायची. डाव्या डोळ्यातून आणि नाकातून पाणी गळायचं. झोप लागली तर संध्याकाळी उठून मी जेवायला बसायचे, जणू काही झालंच नव्हतं.

हे संध्याकाळचं जेवणच माझ्या मुळावर आलं. सकाळी घरी गेलेली मुलगी संध्याकाळी अंगणात दिसली, म्हणजे नाटकं करते. वर्गशिक्षक दुसऱ्या दिवशी विचारायचे, "काय, आज कुठली बाजू?" आणि वर्ग हसायचा.

आमच्या आजीने मात्र एक गोष्ट बरोबर हेरली होती. ती आईला म्हणाली, "अगं, हिचं एकादशीसारखं पंधरवड्याला येतंय." तिच्या लेखी ही अर्धशिशी होती. उपाय म्हणजे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खायची आणि कपाळावर सुंठ उगाळून लावायची. आम्हाला वाटायचं, आजीचं काहीतरीच.

पुढे मी इतिहास शिकवायला लागले तेव्हा कुतूहल म्हणून सुश्रुतसंहितेचं मराठी भाषांतर उघडलं आणि चाट पडले. उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग दिले आहेत. त्यात अर्धावभेदक आहे. अर्ध्या डोक्यात फुटल्यासारखी, टोचल्यासारखी वेदना, सोबत चक्कर, आणि ती पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अचानक येते. आजीने सुश्रुत वाचलेला नव्हता. तिने नात पाहिली होती.

त्याच यादीत सूर्यावर्त नावाचा वेगळा रोग आहे. डोळा आणि भुवईपाशी सूर्योदयाला मंद दुखायला लागतं, सूर्य वर चढतो तसं वाढतं आणि सूर्य कलला की उतरतं. कपाळातल्या सायनसच्या सुजेचं दुखणं बऱ्याचदा असंच वागतं, त्यामुळे आजचे अनेक वैद्य हे वर्णन त्याच्याशी जोडतात. म्हणजे माझी जी दोन दुखणी १९९४ साली एकाच फायलीत कोंबली गेली, तशा दुखण्यांना त्या ग्रंथात दोन वेगळी नावं होती. प्राचीन काळी सगळं माहीत होतं, असं मला म्हणायचं नाही. त्यांची कारणमीमांसा वात-पित्त-कफाची होती आणि काही उपाय आज कुणी करू नयेत असे आहेत. पण त्यांच्याकडे आत बघायचं यंत्र नव्हतं, म्हणून रोगी काय सांगतो ते ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कधी दुखतं, कुठे दुखतं, किती दिवसांनी, सोबत काय होतं. निदान ऐकण्यातून व्हायचं.

तिकडे रोमन साम्राज्यातही हेच. दुसऱ्या शतकात गेलनने या दुखण्याला हेमिक्रेनिया म्हटलं, म्हणजे अर्धी कवटी. तोच शब्द झिजत झिजत फ्रेंचमधून मायग्रेन झाला. अर्धशिशी आणि मायग्रेन या दोन शब्दांचा अर्थ मुळात एकच आहे. फक्त एक आजीचा वाटतो आणि दुसरा डॉक्टरांचा.

मग ऐकणं मागे पडून बघणं पुढे कधी आलं?

सायनसची गोष्ट इथे येते. गालाच्या हाडातली पोकळी लिओनार्दो दा विंचीने १४८९ मध्ये कवटी कापून रेखाटली होती, पण ती चित्रं त्याच्या वह्यांतच राहिली. १६५१ मध्ये इंग्लंडच्या नथॅनियल हायमोर या डॉक्टरने तिचं सविस्तर वर्णन छापलं. त्याने एका बाईची हकीकत दिली आहे. तिचा वरचा दात काढल्यावर त्या भोकातून स्राव यायला लागला. तिने पिसाचा दांडा आत घालून पाहिला, तर तो जातच राहिला. मेंदूपर्यंत पोचला की काय म्हणून ती घाबरली. हायमोरने तिला सांगितलं, ही पोकळी सगळ्यांनाच असते. पुढे कित्येक वर्षं ती हायमोरची पोकळी म्हणूनच ओळखली गेली.

पोकळी सापडली की तिच्यात साठलेला पू काढायची वाट शोधणं आलं. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज काल्डवेलने आणि १८९७ मध्ये पॅरिसच्या आंरी ल्यूकने, एकमेकांना न विचारता, वरच्या ओठाखालून हाड उघडून ती साफ करायची शस्त्रक्रिया मांडली. मधल्या १८९५ सालात राँटजेनला क्ष-किरण सापडले. १९१५ पर्यंत सायनस नीट दिसावेत अशा एक्स-रेची पद्धतही बसली: हनुवटी वर, चेहरा फिल्मला टेकवलेला. माझा पहिला एक्स-रे ऐंशी वर्षांनी त्याच पद्धतीने निघाला.

प्रतिजैविकं नव्हती त्या काळात सायनसचा पू डोळ्यात किंवा मेंदूत उतरून माणसं मरत. तो दिसायला लागणं ही फार मोठी गोष्ट होती, हे कबूल केलंच पाहिजे. पण त्यासोबत एक सवय लागली. फिल्मवर गाल पांढुरका दिसला की डोकेदुखीला मालक मिळाला. साध्या सर्दीतही सायनसचं अस्तर सुजतं, आणि ज्यांना काहीही त्रास नाही अशा मुलांच्या तपासणीतही ते सुजलेलं सापडतं. ते दिसतं म्हणून दुखतंय ते त्यामुळेच, असं नाही.

माझ्या फायलीवर लिहिलं गेलं, क्रॉनिक सायनुसायटिस. जिल्ह्याच्या गावी नेऊन माझे सायनस तीनदा धुतले. नाकात बधिर करणारा बोळा, मग आतून हाडाला भोक पाडणारी जाड सुई, तो करकर आवाज स्वतःच्या डोक्यातून ऐकू येतो, आणि मग मिठाचं पाणी. पहिल्या वेळी घाण निघाली आणि खरंच बरं वाटलं. थंडीतलं दुखणं खरंच सायनसचं होतं. दुसऱ्या वेळी दहावीच्या सहामाहीआधी नेलं, तेव्हा ट्रेमध्ये पडलेलं पाणी स्वच्छ होतं. तिसऱ्या वेळीही स्वच्छ. मी स्वतः बघितलं. डॉक्टरांनी बघितलं, आईनेही बघितलं. मग हे दुखतंय ते कशाचं, असं कुणीच विचारलं नाही. फाइलवरचं नाव तेच राहिलं.

सोळा वर्षांच्या मुलीने त्या पाण्यावरून काय समजायचं? मी समजले, की सर बरोबर बोलतात. आत काही नाहीच. मीच नाटकं करते.

आत काही दिसलं नाही की दोष माणसाच्या स्वभावावर ढकलायचा, हेही माझ्यापासून सुरू झालेलं नाही. अमेरिकेत हॅरल्ड वुल्फ नावाचा मोठा मेंदूतज्ज्ञ होऊन गेला. त्याने जॉन ग्रॅहमसोबत १९३८ मध्ये दाखवलं, की मायग्रेनच्या झटक्यात कानशिलावरच्या धमनीचे ठोके मोठे होतात आणि अर्गोटामाइन दिलं की ठोके आणि वेदना दोन्ही उतरतात. (अर्गोटामाइन हे राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीतून १९१८ मध्ये वेगळं केलेलं औषध. आपल्या बाजरीच्या कणसावर पडतो तो अरगट त्याच कुळातला.) मोजता येईल असा पुरावा त्याने पहिल्यांदा पुढे ठेवला. त्याच वुल्फने एक वर्ष आधी, १९३७ मध्ये, मायग्रेनवाल्या माणसांच्या स्वभावाचं चित्र रंगवलं होतं: महत्त्वाकांक्षी, काटेकोर, ताठर. त्याला स्वतःला मायग्रेन होतं. ते चित्र त्याच्या औषधापेक्षा जास्त टिकलं. "फार टेन्शन घेते हो ही" हे वाक्य आपल्याकडे घराघरात आहे, ते त्याच जातीचं.

आपल्याकडे तर डोकेदुखी म्हणजे बाम. काशीनाथुनी नागेश्वरराव या आंध्रच्या पत्रकार-उद्योजकाने १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केलं, आणि त्याच्या जाहिरातीवरून खंडाळ्याच्या घाटातल्या १८३० सालच्या ब्रिटिश पुलाला लोक अमृतांजन पूल म्हणायला लागले. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये तो पाडला, तेव्हा कित्येकांनी हळहळून पोस्टी टाकल्या. बामाबद्दल माझी तक्रार नाही, आमच्याही घरी होता. पण जे दुखणं बाम चोळून जातं असं सगळ्यांना वाटतं, त्यासाठी शाळा कशी बुडू देणार?

या सगळ्या इतिहासात मला सर्वात आवडणारा माणूस म्हणजे स्वीडनचा एक बालरोगतज्ज्ञ, बू बिले. तो दवाखान्यात मुलं येण्याची वाट बघत बसला नाही. तो शाळांकडे वळला. उप्साला शहरातल्या ७ ते १५ वयाच्या ८,९९३ शाळकरी मुलांची त्याने डोकेदुखीबद्दल पाहणी केली आणि १९६२ मध्ये ती छापली. निम्म्याहून अधिक मुलांचं कधी ना कधी डोकं दुखलेलं होतं, आणि सुमारे ४ टक्के मुलांना मायग्रेन होतं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात दोन-तीन. त्यातल्या जास्त त्रास असलेल्या ७३ मुलांचा त्याने चाळीस वर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना पन्नाशीच्या आसपासही त्रास होताच. "वयात आली की जाईल" हे काहींच्या बाबतीत खरं ठरतं. बऱ्याच जणांच्या बाबतीत नाही. मुलींच्या बाबतीत तर उलटंच होतं. पाळी सुरू होण्याआधी मुलगे-मुली साधारण सारखेच असतात, नंतर मुलींचं प्रमाण दुप्पट-तिप्पट होतं.

मोजल्यावर मुलं दिसायला लागली. १९८८ मध्ये डोकेदुखीचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आलं, त्यात मुलांचा झटका मोठ्यांपेक्षा लवकर संपू शकतो हे नमूद झालं. मुलांमध्ये दुखणं दोन्ही बाजूंना असू शकतं, हेही आज मान्य आहे. म्हणजे सकाळी लोळणारी मुलगी संध्याकाळी जेवायला बसते, हे आजाराचं लक्षण म्हणून पुस्तकात होतं. आमच्या शाळेत ते नाटकाचा पुरावा होतं.

आणि सायनस? २००४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं ज्यांना वाटत होतं किंवा डॉक्टरांनी सांगितलं होतं, अशी २,९९१ माणसं त्यात होती. ताप आणि पू असलेले, म्हणजे उघड जंतुसंसर्ग असलेले, त्यातून आधीच वगळले होते. उरलेल्यांपैकी ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या व्याख्येत बसली.

असं का होतं, त्याचं कारण साधं आहे. कपाळ, डोळा, गाल, दात, सायनस आणि मेंदूवरचं आवरण या सगळ्यांच्या वेदना नेणारी मज्जातंतू एकच, ट्रायजेमिनल. ती पेटली की प्रतिक्षिप्त क्रियेने डोळ्यातून पाणी येतं, नाक चोंदतं, गळतं. माझ्या डाव्या नाकपुडीतलं पाणी तिथलं होतं. पिवळं घट्ट आणि ताप असेल तर सायनस. पाण्यासारखं, अर्धं डोकं, उलटी आणि उजेड नको असेल तर बहुधा मायग्रेन. माझ्यासारखं दोन्हीही असू शकतं. मी डॉक्टर नाही, निदान त्यांच्याकडूनच करून घ्या. पण हा प्रश्न त्यांना जरूर विचारा.

माझं निदान बाविसाव्या वर्षी झालं. पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी एकही एक्स-रे न काढता वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारले. कधी, कुठे, किती दिवसांनी, सोबत काय. उपास करतेस का, असंही विचारलं. तेव्हा मला आठवलं, आठवीपासून मी आजीसोबत एकादशी करायचे. उपाशी राहणं हे अनेकांना झटका आणणारं कारण आहे. पंधरवड्याचा हिशोब आजीने बरोबर ओळखला होता, फक्त त्यातला वाटा आमच्याच देवघरात होता. आणि भल्या पहाटेची दूध-जिलबी, जिला मी हसायचे, ती निदान पोट रिकामं ठेवत नव्हती.

आज परिस्थिती बदलली आहे. मायग्रेनमधला सीजीआरपी नावाचा रेणू शोधून काढणाऱ्या संशोधनाला २०२१ मध्ये ब्रेन प्राइझ मिळालं. त्याला अडवणारी औषधं २०१८ पासून बाजारात आहेत. पण पौगंडातल्या मुलांसाठी नुसती गोळी पुरत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत ८ ते १७ वयाच्या मुलांवर रोज घ्यायच्या दोन प्रचलित औषधांची चाचणी झाली, आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या मुलांपेक्षा औषधवाल्या मुलांना जास्त फायदा झाला नाही म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. तिन्ही गटांतल्या निम्म्याहून अधिक मुलांचे दुखण्याचे दिवस मात्र निम्मे झाले. कुणीतरी नीट लक्ष देतंय, दिवस लिहून ठेवतंय, झोप आणि जेवणाची वेळ सांभाळतंय, याचाही त्यात वाटा असावा असं मला वाटतं. आणि उलट बाजू म्हणजे, महिन्यातले दहा-पंधरा दिवस दुकानातून आणून गोळ्या खाल्ल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. लपवून त्रास काढणारी मुलं तेच करतात. मीही केलं.

आता आपल्या दारात या. शेजारच्या कर्नाटकात प्रौढांची पाहणी झाली, त्यात वर्षभरात मायग्रेन असलेले २५ टक्के निघाले. चारात एक. ही माणसं कधीतरी शाळेत होती. शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्यात ठरावीक आजारांची तपासणी होते. दात आहेत, कान आहेत, फिट्स आहेत. मायग्रेन नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही त्याचं नाव नाही. म्हणजे शाळेच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या ते सरकारी कागदांप्रमाणे बरोबरच आहे.

मी मायग्रेनला दिव्यांगांच्या यादीत घाला असं म्हणत नाही. माझ्या मागण्या फार छोट्या आहेत. बाल स्वास्थ्य तपासणीत दोन प्रश्न वाढवा: डोकं दुखून महिन्यात किती दिवस शाळा बुडते, आणि उलटी किंवा उजेडाचा त्रास होतो का. तज्ज्ञांची चिठ्ठी असेल तर मायग्रेनची गैरहजेरी ही आजारपणाची गैरहजेरी धरा, एक्स-रे मागू नका. पालकांच्या पत्रावर मुलाला गोळी वेळेत घेऊ द्या, कारण तासाभराने घेतलेल्या गोळीचा उपयोग कमी होतो. एक अंधारी खोली, एक सतरंजी आणि पाण्याची बाटली. घटक चाचणी बुडाली तर पुन्हा घ्या. याला निधी लागत नाही.

ताईला मी सांगितलं, सायनस लिहून आणू नकोस. हजेरी भरेल, पण फाइलवर ते नाव कायमचं बसेल, आणि उद्या कुणीतरी त्या नावावर विसंबून तिच्या नाकात सुई घालेल. ताई म्हणाली, "तुला बोलायला काय जातं, वर्ष तिचं जाणार आहे." तेही खरंच आहे. मग आम्ही दोघी मुख्याध्यापकांना भेटलो. सोबत भाचीने स्वतः सहा महिने भरलेली वही नेली: तारीख, वेळ, बाजू, किती तास, त्या दिवशी काय खाल्लं, किती झोपली. त्यांनी ती पानं उलटून पाहिली, बराच वेळ. म्हणाले, बघतो, वरती विचारतो.

उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथेच लिहीन. तोवर तुमच्या वर्गातली ती दोन-तीन मुलं कोण आहेत, एवढं जरा बघा. आणि त्यांना "आज कुठली बाजू?" असं विचारायचंच असेल, तर उत्तर ऐकायच्या तयारीने विचारा.